बोअर अजून ३०० फूट खाली न्यायचं का? आधी दगड कुजतो कसा ते बघा

प्रश्न दोन भागात आहे, म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बेळगाव जिल्ह्यात जांबोटी रस्त्याच्या बाजूला तांबड्या मातीचं शेत, त्यात आजोबांच्या काळातली ४० फुटी विहीर, ती मार्चपर्यंत पुरते आणि मग तळ दिसतो. म्हणून यंदा बोअर मारलं, ६५० फूट गेलं, नुसती धूळ. आता गाडीवाला म्हणतोय अजून ३०० फूट जाऊ, खाली पाताळातलं पाणी लागेल, आणि धाकटा भाऊ म्हणतोय एवढं खोल गेलं की लाव्हा लागतो. दुसरं म्हणजे बहीण अथणीकडं दिलीय, तिच्या रानात काळी माती, तुमच्याकडं तांबडी, आणि शाळेत तर दोन्हीकडं एकच काळा दगड (बेसाल्ट) शिकवला, मग हे असं कसं. जाता जाता गोकाकच्या धबधब्याचा दगड का कुजत नाही हेही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारण गाडी दारात उभी असली की फार वेळ नसतो: पुढं नेऊ नका, गाडी परत पाठवा. खानापूर, बेळगाव, हुक्केरीपासून पार अथणीपर्यंत विहिरी-बोअरचे पॉईंट बघण्यात माझी नोकरी गेली आणि अजूनही बघतोय, त्यात एक गोष्ट पक्की डोक्यात बसलीय की आपल्याकडं पाणी खालनं वर येत नाही वो, ते वरनंच खाली गेलेलं असतंय, आणि किती खोल जाणार हे दगड वरनं किती कुजलाय आणि किती फुटलाय त्याच्यावर ठरतंय. पृथ्वीच्या पोटातली उष्णता खरी, लाव्हा खरा, पण त्याचा तुमच्या रानाशी संबंध दगड तयार होण्यापुरता. त्याच्या पुढचं सगळं पावसानं केलंय.

आधी भावाच्या लाव्ह्याचं बघू. ६५० फूट म्हणजे साधारण २०० मीटर. जमिनीपासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत अंतर ६३७१ किलोमीटर. सगळ्यात वरचं कवच, ज्याच्यावर आपण घरं बांधतो, ते खंडांखाली साधारण ३५-४० किलोमीटर जाड आणि समुद्राखाली ६-७ किलोमीटरच. म्हणजे तुमचं बोअर या कवचाच्याच जेमतेम दोनशेव्या हिश्श्यापर्यंत पोचलंय. रशियात कोला द्वीपकल्पावर नुसतं आत काय आहे ते बघायला १९७० ला एक बोअर सुरू केलं, ते १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोचलं आणि तिथं तापमान लागलं १८० अंश, दगड प्लॅस्टिकसारखा वागायला लागला, मशीन पुढं चालेना, पण लाव्हा काही लागला नाही. एवढं लांब कशाला, आपल्याच राज्यात कोलारची सोन्याची खाण ३ किलोमीटरच्या पुढं गेली होती, २००१ ला बंद झाली. तळाला दगड साठ अंशाच्या वर तापलेला, माणसांना काम करता यावं म्हणून गार हवा सोडायला लागायची, तरी तिथंही घट्ट दगडच. जगात सरासरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं आणि आपला हा दख्खनचा भाग जुना, थंड झालेला, त्यामुळं इथं त्याहून कमीच. तुमच्या २०० मीटरला हिशेब केला तर चार-पाच अंश. पाणी लागलंच असतं तर थोडं कोमट आलं असतं, बस.

बऱ्याच जणांच्या डोक्यात असतंय की कवचाखाली सगळीकडं पातळ लाव्ह्याचा समुद्र आहे आणि आपण त्याच्यावर तरंगतोय. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात तो थर लालभडक रंगवतात ना, त्यानं हा गैरसमज होतो. कवचाखाली जवळजवळ २९०० किलोमीटरपर्यंत जे आहे त्याला प्रावरण म्हणतात, मॅन्टल, आणि ते घन आहे. दगडच आहे, वरच्या भागात ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिन नावाच्या जड, हिरवट-काळ्या खनिजांचा. पण तापलेला आणि दाबाखाली असल्यामुळं तो वर्षाला काही सेंटीमीटर अशा गतीनं सरकतो, घन राहूनच सरकतो. वितळतो तो काही ठरावीक ठिकाणीच, जसं की जिथं खालचा तापलेला दगड वर सरकतो आणि त्याच्यावरचा दाब कमी होतो तिथं. आणि वितळतो तेव्हाही सगळा वितळत नाही, थोडासा भाग वितळून वर निघतो, तो आपला मॅग्मा. खरा पातळ थर त्याच्याही खाली आहे, २९०० ते ५१५० किलोमीटरच्या मध्ये, लोखंड-निकेलचा रस, बाह्य गाभा. होकायंत्राचा काटा उत्तरेकडं राहतो तो या रसाच्या फिरण्यानं तयार होणाऱ्या चुंबकत्वामुळं. आणि अगदी मधे १२२० किलोमीटर त्रिज्येचा घन लोखंडी गोळा, तिथं तापमान पाच हजार अंशाच्या आसपास असूनही दाब इतका की लोखंडाला वितळताच येत नाही.

तिथं कुणी गेलं नाही मग कळलं कसं, हा प्रश्न मला गावोगावी विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. भूकंपानं कळलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तो तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बेळगावात सुद्धा माणसं उठून बाहेर आलेली. असा मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या आरपार जातात आणि जगभरच्या यंत्रांवर उमटतात. दगड बदलला की लाटेचा वेग बदलतो आणि ती वळते. १९०९ मध्ये भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या मोहोरोव्हिचिच यांना दिसलं की पन्नासेक किलोमीटर खाली गेल्यावर लाट एकदम जोरात पळायला लागते, सेकंदाला ६-७ किलोमीटरवरनं ८ किलोमीटरवर, तिथंच कवच संपतं. त्याच्या आधी १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी आत वेगळा गाभा आहे हे दाखवलं होतं, हे ओल्डहॅम आपल्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले आणि १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास त्यांचाच. दुसऱ्या जातीच्या लाटा, ज्या दगडाला आडव्या हलवत जातात, त्या गाभ्यात शिरतच नाहीत आणि अशा लाटा पातळ पदार्थातनं जात नसतात, त्याच्यावरनं तो पातळ आहे हे ठरलं. मग १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी त्या पातळ गाभ्याच्या आत अजून एक घन गाभा आहे हे लाटांच्या बारीक नोंदीवरनं शोधलं. मला या सगळ्या विज्ञानात ही गोष्ट फार आवडते, नुसत्या कागदावरच्या रेघांवरनं ५ हजार किलोमीटर खोलीचा पत्ता लावला बाईंनी.

आता आपल्या दगडाकडं या. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असंच प्रावरणातनं वर आलेलं वितळण दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतनं बाहेर पडलं. शंकूसारखा एकच ज्वालामुखी असला प्रकार नव्हता, लांबच लांब भेगा आणि त्यातनं ११००-१२०० अंशाचा पातळ लाव्हा, थरावर थर. आज उरलेला भागच ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला सह्याद्रीत हा ढीग दीड-दोन किलोमीटर जाड आणि कडेला पातळ होत जातो. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटरचं बोअर मारलंय, त्यात काळा दगड १२४७ मीटरला संपला आणि खाली ग्रॅनाईटसारखा जुना पाया लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला मारलेल्या बोअरमध्ये तो ३३८ मीटरलाच संपला. आपला बेळगाव जिल्हा या चादरीच्या दक्षिण कडेला येतो, त्यामुळं इथं निपाणी, चिक्कोडी, अथणीकडं काळा दगड, गोकाक-सौंदत्तीकडं चादर संपून खालचा वाळूचा दगड उघडा पडलेला, आणि खानापूरच्या खाली लोंढ्याकडं त्याच्याहून कितीतरी जुने, अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडचे पाटीसारखे सुटणारे दगड. एका जिल्ह्यात एवढी विविधता फार कमी ठिकाणी बघायला मिळते, आणि म्हणूनच एका गावचा बोअरचा अनुभव दुसऱ्या गावाला चालत नाही.

गाडीवाला ज्याला पाताळ म्हणतोय ते काय आहे हे आता लक्षात येईल. काळ्या दगडाखाली गेलात तर अजून जुना, अजून घट्ट दगड. खोल गेल्यावर वरच्या वजनानं भेगा दाबून बंद होत जातात. कधीतरी एखादी मोठी तडे गेलेली पट्टी खोलवर पाणी धरून असते, नाही असं नाही, पण ती आहे की नाही हे जमिनीवरनं आधी तपासून कळतं, आणि तशी खूण नसताना नुसतं खोल खोल जाणं म्हणजे पैसे मातीत घालणं. खोल भेगेतलं पाणी लागलं तरी ते पुष्कळदा जुनं, साठून राहिलेलं असतं, दोन उन्हाळे चांगलं चालतं आणि मग मोटर हवा ओढायला लागते.

मग पाणी राहतं कुठं? तर कुजलेल्या दगडात. आणि दगड कुजतो का हे कळलं की तुमचे दोन्ही प्रश्न सुटतात.

हा दगड जन्मला हजार अंशाच्या वर. तिथं जी खनिजं सुखानं राहतात ती इथं गार, ओल्या, हवेच्या जागी टिकू शकत नाहीत. जितकं जास्त तापमानाला तयार झालेलं खनिज तितकं ते वर आल्यावर लवकर मोडतं, हा क्रम गोल्डिच नावाच्या भूशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडला: ऑलिव्हीन पहिल्यांदा जातं, मग पायरॉक्सिन, मग फेल्डस्पार, आणि गारगोटी सगळ्यात शेवटी किंवा जातच नाही. काळ्या दगडात पहिली तीनच भरलेली, गारगोटी जवळजवळ नाही. म्हणून हातोड्याला दाद न देणारा काळा पाषाण पावसापुढं मात्र फार टिकत नाही. टिकत नाही म्हणजे आपल्या हिशेबानं नाही, दहा लाख वर्षांत काही मीटर अशा हिशेबानं. पावसाचं पाणी पडतानाच हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आंबट होतं, सामू (पीएच) ५.६ च्या आसपास. मातीत शिरल्यावर मुळं आणि जीवजंतू श्वास सोडतात त्यामुळं तिथं हा वायू हवेच्या कितीतरी पट असतो, पाणी अजून आंबट होतं. ते आंबट पाणी भेगेतनं दगडात जातं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून घेऊन जातं, सिलिका थोडी नेतं, आणि मागं ठेवतं चिकणमाती आणि गंजलेलं लोखंड. तांबडा रंग तो गंजाचा. विरघळलेलं सगळं मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेयातनं कृष्णेत आणि तिथनं समुद्रात. हवेतला कार्बन या वाटेनं समुद्रात जाऊन चुनखडकात अडकतो, पृथ्वीची हवा लाखो वर्षं फार तापू न देण्यात या कुजण्याचा मोठा हात आहे. हे जरा बाजूचं झालं, पण दगड कुजणं म्हणजे नुसतं नुकसान असं समजू नये म्हणून सांगितलं.

आपल्याकडं बर्फ नाही त्यामुळं पाणी गोठून दगड फुटणं हा प्रकार नाही, उन्हानं तापून-गार होऊन पापुद्रे सुटतात, झाडाची मुळं भेगा उघडतात, बाकी मुख्य काम पाण्याचंच. रस्त्याच्या कटिंगला तुम्ही गोल गोल धोंडे मुरमात बसलेले बघितले असतील, भोवती कांद्यासारखे पदर सुटलेले. ते कुणी आणून टाकलेले नसतात. मूळ दगडाला आडव्या-उभ्या भेगा होत्या, चौकोनी ठोकळे झाले, पाणी तिन्ही बाजूंनी कोपऱ्यावर मारा करतं म्हणून कोपरे आधी कुजले, ठोकळा गोल होत गेला आणि मधला गाभा तेवढा ताजा राहिला. बोअरची गाडी अशा धोंड्यावर बसली की ड्रायव्हरला वाटतं पक्का पाषाण लागला, आणि चार फुटानं परत मुरूम. लक्ष ठेवा, तिथं पाणी असतंय.

आजोबांच्या विहिरीत आता तळ दिसत असेल तर एकदा उतरून बाजू बघाच, हे मी प्रत्येकाला सांगतो. वर तांबडी माती, खाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढरे ठिपके भरलेला ठिसूळ दगड, आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. ते पांढरे ठिपके म्हणजे लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे, त्यात पुढं पाण्यानं आणलेली खनिजं भरली. प्रत्येक लाव्ह्याच्या थराचा माथा असा बुडबुड्यांचा असतो आणि पोट घट्ट असतं. दोन थरांच्या मधे कुठंतरी विटेसारखा तांबडा गेरूचा पट्टा दिसेल, काही इंच ते काही फूट. एक लाव्हा वाहून गार झाला, त्याच्यावर पुढचा यायला मधे मोठा काळ गेला, तेवढ्यात त्याचा माथा कुजून माती झाली, आणि मग वरनं दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजली. म्हणजे पोटातली आग आणि वरचं कुजणं यांची आळीपाळी तुमच्या विहिरीच्या भिंतीवर आहे. कामाचा भाग असा की गेरू चिकण असतो, पाणी त्यातनं खाली जात नाही, त्याच्या माथ्यावरनं आडवं सरकतं. पाझर कुठल्या पट्टीतनं येतोय ते पावसाळ्यानंतर बघून खूण करून ठेवा, बहुतेक ती मुरूम आणि पाषाणाच्या सांध्याला किंवा गेरूच्या वरच असेल.

थोडा हिशेब करू. कुजक्या काळ्या दगडात मोकळं मिळणारं पाणी आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्याखाली १० मीटर जाडीचा भिजलेला कुजका थर असला तर झालं साधारण ८ लाख लिटर. अखंड पाषाणात हाच आकडा नगण्य होतो. ४० फुटी विहीर मार्चपर्यंत चालते ती या ८ लाखातल्या हिश्श्यावर, आणि ६५० फूट बोअर कोरडं जातं कारण त्यातलं वरचं ६०-७० फूट सोडलं तर बाकी ते घट्ट पोटातनं गेलंय.

आणि इथं एक गोष्ट विचारतो, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाईप, किती फूट घातलं? तुमच्या भागात माती-मुरूम ढासळतो म्हणून गाडीवाले ६०, ८०, कधी १०० फूट सरळ बंद पाईप ठोकतात, थेट पक्क्या पाषाणात रुतवून. म्हणजे ज्या थरात पाणी आहे तोच थर पाईपानं बंद केला आणि ज्यात नाही तो उघडा ठेवला, मग वर म्हणायचं जमीन कोरडी आहे. मी अशी कितीतरी बोअरं बघितलीत. वरचे २०-२५ फूट बंद पाईप पाहिजेच, नाहीतर गोठ्याचं, शेतातलं घाण पाणी सरळ आत जातं, पण त्याच्या खाली भिजलेल्या मुरमाच्या जागी भोकांचा पाईप घालून बाहेरनं बारीक खडी भरली तर तेच बोअर थोडंफार देऊ शकतं. घातलेला पाईप आता काढता येतो का ते त्याच गाडीवाल्याला विचारा, गाडी जायच्या आधी.

आता काळी आणि तांबडी. दगड एकच, हे शाळेत बरोबर शिकवलं. फरक पावसाचा आणि उताराचा. कणकुंबीच्या बाजूला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पाऊस कोसळतो, आणि तिथनं पूर्वेकडं जाल तसा झपाट्यानं कमी होत अथणीला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. अथणीकडं पाणी दगड कुजवण्याइतकं आहे पण विरघळलेलं सगळं धुऊन न्यायला पुरत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथंच राहतं, सिलिका राहते, आणि त्यातनं तयार होते मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती, पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच काळी माती. नांगरताना पांढरे खडे लागतात ती चुनखडी, म्हणजे न धुतलं गेलेलं कॅल्शियमच. त्याच कारणानं तिकडं कालव्याचं पाणी उसाला बदाबदा सोडलं की खालचे क्षार वर येऊन जमीन चोपण होते, बहिणीला सांगा पाणी बेतानं द्या आणि निचऱ्याचे चर काढा, एकदा चोपण झालेलं रान सुधारायला फार वर्षं लागतात.

तुमच्याकडं उलट. पाऊस इतका की कॅल्शियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, शेवटी सिलिका पण बरीचशी गेली. उरलं काय, जे पाण्यात विरघळतच नाही ते, लोखंड आणि ॲल्युमिनियम. ते साठून साठून जांभा झाला. हा शेवट गाठायला कोट्यवधी वर्षं लागतात, आपल्या डोंगरमाथ्यांवरचा जांभा फार जुना आहे, आजच्या दऱ्या कोरल्या जायच्या आधीच्या सपाट जमिनीचा तो तुकडा आहे. जिथं ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथं बॉक्साइट, चंदगडच्या बाजूला त्याच्या खाणी आहेत आणि बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना १९६९ पासून आहे तो याच मातीमुळं. १८०७ मध्ये इंग्रज कंपनीसाठी मुलखाची पाहणी करणाऱ्या बुकॅनन यांनी केरळात अंगडीपुरमला लोक ही माती ओली असताना विटेसारखी कापतात आणि ती उन्हात घट्ट होते हे बघून तिची नोंद केली. आपल्याकडं चिरे काढणाऱ्या माणसांना हे कुणी शिकवायला लागलं नाही, खाणीत मऊ असलेला चिरा वाऱ्यावर ठेवला की लोखंड घट्ट धरतो.

याच धुऊन जाण्यानं तुमची माती आंबट आहे आणि स्फुरद घातलं तर लोखंड ते धरून ठेवतं, पिकाला मिळत नाही. खताची पोती वाढवण्याआधी माती तपासून सामू बघा, चुना आणि भरपूर शेणखत याचा उपयोग जास्त होईल. रताळी, भात, काजू तुमच्याकडं का चांगली येतात आणि हरभरा तिकडं का, ते यातच आलं. आणि एकाच गावात सुद्धा माळावर तांबडी आणि ओढ्याकाठी काळपट माती असते, माळावरनं धुतलेलं खाली येऊन साठतं म्हणून.

जांभ्याचं पाण्याच्या दृष्टीनं एक वेगळंच आहे. तो भोकाभोकांचा, पाऊस पडला की लगेच पितो. पण त्याच्या खाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमातीचा थर असतो, पूर्ण कुजलेला पण अजून जागेवरच असलेला दगड. पाणी तिथं अडतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. खानापूर भागातले डोंगरकाठचे झरे बहुतेक याच सांध्यावर आहेत. म्हणजे तुमच्या माळावर पडलेला पाऊस विहिरीत थांबत नाही, खाली ओढ्यात जाऊन फेब्रुवारीपर्यंत निघून जातो. घाटात चोर्ल्याकडं रस्त्याकडेची दरड कोसळते तिथंही हा मऊ थर पाण्यानं फुगून सरकणं हे एक कारण असतं, म्हणून जेसीबीनं डोंगराचा पाय कापताना विचार करा.

उरलं गोकाक, कारण प्रश्नात तुम्ही विचारलंय की तिथला दगड का कुजत नाही. तिथं घटप्रभा ५२ मीटरवरनं पडते तो दगड वाळूचा, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, जवळजवळ सगळी गारगोटी. वर सांगितलेल्या क्रमात गारगोटी शेवटची, पाणी तिला खाऊच शकत नाही, नदी फक्त भेगांवरनं ठोकळे पाडते. म्हणून कडा ताठ उभा आहे. सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाला मलप्रभेनं तसल्याच दगडाच्या डोंगरातनं अरुंद खिंड कापलीय आणि त्या अरुंदपणामुळंच तिथं धरण बांधता आलं. पण अशा दगडावर माती पातळ आणि मुरूम जवळजवळ नाही, तिथं पाणी भेगेतच शोधायला लागतं. तुमच्याकडं निदान कुजका थर तरी आहे.

तेव्हा करायचं काय. बोअरपेक्षा जुन्या विहिरीवर खर्च करा. आधी गाळ काढा, तळाला पाषाण लागलाय का मुरूम शिल्लक आहे ते बघा, मुरूम असेल तर पाषाण लागेपर्यंत खोली वाढवा, त्याच्या पुढं सुरुंग लावून पाषाण फोडण्यात साठवण वाढेल पण पाझर वाढणार नाही. पाझराची पट्टी सापडली की त्या पट्टीत विहिरीच्या आतनं आडवी बोअरं घ्या, माळाच्या दिशेला, ओढ्याच्या दिशेला नको. कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक मी यानं पडलेला बघितलाय. माळावर समपातळीवर चर काढा म्हणजे पाणी थांबून मुरेल, आणि ओढ्यावर विहिरीच्या खालच्या अंगाला छोटा बांध घालता आला तर विहिरीतली पातळी महिना-दीड महिना जास्त टिकते. नवीन बोअर घ्यायचंच असेल तर आधी विद्युत रोधकता मोजणाऱ्या मशीननं तपासणी करून घ्या, त्यात कुजका थर किती जाड आहे हे बऱ्यापैकी कळतं, आणि २०० फुटात काही लागलं नाही तर थांबायचं असं गाडीवाल्याशी आधीच ठरवा. हातावर नारळ उभा राहतो, काटकी फिरते, त्याच्यावर पॉईंट ठरवू नका. पाणाड्या माणसाची जमिनीची नजर चांगली असू शकते, ओढा कुठनं वळतो, उंबर कुठं आहे हे त्याला दिसतं, ते ऐका, पण नारळाला दगडातलं काही कळत नाही आणि कुजका थर जिथं आहे तिथं कुठंही खणलं तरी थोडं पाणी लागतंच, म्हणून तो खरा ठरल्यासारखा वाटतो.

कोरड्या बोअरमध्ये शेतातलं गढूळ पाणी सोडून पुनर्भरण करतो म्हणाल तर तसंच सोडू नका, गाळानं उरल्यासुरल्या भेगा बुजतात आणि औषधं-खतं थेट खाली जातात. खडी-वाळूचा गाळणखड्डा करून छपराचं पाणी सोडलं तर चालेल. तेही करणार नसाल तर आजच त्या पाईपाला लोखंडी झाकण वेल्डिंग करून घ्या, नुसतं पोतं बांधून दगड ठेवणं नको, अशा उघड्या बोअरात आपल्याच जिल्ह्यात लेकरू गेलंय.